सासूबाईंचे पत्ते आणि नवी सिस्टिम

विंडोज १०ची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ला बंद होणार, हे बरेच दिवस कानावर होतं. पण ती तारीख आली नेमकी दिवाळीच्या तोंडावर, आणि माझ्या कामात तेव्हा मान वर करायला फुरसत नसते. मी नाशिकला घरी बसून मराठी मजकूर टाइप करते, मुद्रितं तपासते. शेवटचा दिवाळी अंक छापायला गेल्याशिवाय मशिनला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. भाऊबीज उरकली, फराळाचे डबे रिकामे झाले आणि मग मी कॉम्प्युटरकडे वळले.

मशिन २०१४ साली असेंबल करून घेतलेलं. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, नंतर बसवलेली एसएसडी. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते; आमच्याकडे दोन्ही नाही. दुकानदाराने एका वाक्यात निकाल लावला, “मॅडम, हे आता भंगार.” आता, ज्या मशिनने दोनच आठवड्यांपूर्वी चारशे पानांची कादंबरी विनातक्रार उघडून दिली, त्याला भंगार कसं म्हणायचं? वर्षभर सुरक्षा अपडेट्स वाढवून घ्यायची सोय होती, ती घेतली. तेवढ्या मुदतीत या खोक्यात दुसरं काय काय राहू शकतं ते बघू, म्हटलं.

अगदीच नवखी नव्हते. कॉलेजात असताना, २००८ साली, उबंटू या लिनक्स सिस्टिमची सीडी मागवली होती. तेव्हा नाव-पत्ता भरला की ती परदेशातून पोस्टाने फुकट यायची. कागदी पाकिटात गुळगुळीत सीडी, आणि पोस्टमनच्या चेहऱ्यावर ‘हिला कोण पाठवतंय’ असे भाव. ती सीडी चालली, पण एमपीथ्री गाणी वाजेनात, कारण त्यासाठीचा कोडेक पेटंटच्या भानगडीमुळे सीडीत दिलेलाच नसे. तो वेगळा उतरवावा लागे. आमच्या बीएसएनएलच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत होतं, म्हणून अलार्म लावून दोनला उठायचं. लता मंगेशकरांच्या एका गाण्यासाठी एवढी जाग्रणं करणारी मी होस्टेलमध्ये एकटीच.

आता सगळं सोपं झालंय. व्हेंटॉय नावाचं एक फुकट साधन पेनड्राइव्हवर एकदा बसवायचं आणि पुढे सिस्टिम्सच्या आयएसओ फायली नुसत्या कॉपी करत जायच्या. मशिन सुरू होताना बूटची कळ दाबली की यादी येते. हवी ती निवडायची. बहुतेक लिनक्स अशा थेट पेनड्राइव्हवरून चालतात, डिस्कला धक्का न लावता. पडदा, आवाज, वायफाय, कीबोर्ड चालतो का ते बघायचं, नाही पटलं तर बंद करून पुढची.

पहिली मिंट. २००६ साली सुरू झालेली, उबंटूवर बांधलेली, आणि दिसायला मुद्दामच विंडोजच्या वळणाची: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. वायफाय लागलं, आवाज आला. सासूबाई दुपारी या मशिनवर पत्त्यांचा सॉलिटेअर खेळतात. त्यांनी येऊन विचारलं, “पत्ते आहेत का यात?” मी ‘आइलरायट’ बसवून दिलं, त्यात ऐंशीच्या वर प्रकार आहेत. त्यांनी पहिला डाव लावला, दोन मिनिटं माऊस फिरवला आणि म्हणाल्या, “पत्ते टाकताना आवाज येत नाही गं.” सेटिंगमध्ये आवाज सुरू केला. मिंट त्यांच्याकडून पास झाली. खरं सांगते, नेटवरच्या कुठल्याही तुलनेपेक्षा ही परीक्षा कडक होती.

मग मिंट विंडोजशेजारी बसवली, सुरू होताना कोणती हवी ते विचारणारी. आणि घड्याळाचा घोळ सुरू झाला. सकाळी आठला नवऱ्याने विंडोज सुरू केलं तर कोपऱ्यात अडीच वाजलेले. दुरुस्त केलं की दिवसभर बरोबर. मधे मिंट वापरली की पुन्हा मागे. सासूबाईंनी पंचांग काढून खात्री केली की आज कुठलं ग्रहण नाही. मी फरक मोजला: बरोबर साडेपाच तास. तिथेच उलगडा झाला. मदरबोर्डवर बटणासारख्या सेलवर चालणारं एक छोटं घड्याळ असतं, वीज गेली तरी चालू राहणारं. विंडोज त्यात स्थानिक वेळ लिहिते; लिनक्स जागतिक प्रमाणवेळ लिहिते आणि दाखवताना आपले साडेपाच तास मिळवते. एकाच पाटीवर दोघं दोन हिशेबांनी लिहीत होते. मिंटला टर्मिनलवर एका ओळीची आज्ञा दिली की तूही स्थानिक वेळच लिही, आणि भांडण मिटलं. जाणकार या उपायाला नाकं मुरडतात, कारण जिथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात तिथे तो अंगलट येऊ शकतो. आपल्याकडे बारा महिने तेरा काळ एकच वेळ, त्यामुळे निभावतं.

मिंटवर थांबता आलं असतं. पण पेनड्राइव्हवर जागा शिल्लक होती आणि दिवाळीनंतर कामं थंड असतात.

रेड हॅटच्या पाठबळावरची फेडोरा लावली ती मुख्यतः मराठीसाठी. लोहित नावाचा मुक्त देवनागरी फॉन्ट रेड हॅटने सांभाळला, आणि त्यातलं बरंचसं काम पुण्याच्या कचेरीत झालं, हे मला माहीत होतं. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाची नजर आधी ‘ल’ आणि ‘श’वर जाते. २००९च्या शासननिर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला आहे. हिंदी वळणाचा, उजवीकडे काठी असलेला ल मराठी पुस्तकात आला की जुने संपादक लाल पेन उचलतात. अनेक फॉन्टांत ही दोन्ही रूपं असतात, पण मराठी रूप पुढे येण्यासाठी मजकुराची भाषा हिंदी नसून मराठी आहे हे सांगावं लागतं. लिबरऑफिसमध्ये सगळा मजकूर निवडून भाषा ‘मराठी’ केली आणि पानभर ल बदलले. इतकी वर्षं मी फॉन्ट बदलून बदलून जे शोधत होते ते एका सेटिंगमध्ये होतं.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची निघाली. एका लेखकाची जुनी फाइल नव्या सिस्टिमवर वेगळ्या फॉन्टात उघडली, तर काही ठिकाणी ‘दुसऱ्या’ नीट आणि काही ठिकाणी र चा आकार मोडलेला. विंडोजमध्ये सगळे सारखे दिसायचे. खोदून पाहिलं तर अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप झालेला होता. एक रीत म्हणजे बिंदूवाला ऱ आणि हलन्त, दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि मधे एक अदृश्य जोडखूण. फोनवर लिहिलेले परिच्छेद एका रीतीचे, कॉम्प्युटरवरचे दुसऱ्या. म्हणूनच की काय, ‘दुसऱ्या’ शोधून बदलायची आज्ञा दिली की निम्मे शब्द हाती लागायचे नाहीत आणि मी डोळ्यांनी शोधत बसायची! आता कुठलंही हस्तलिखित आलं की आधी सगळे अर्धे र एका रीतीचे करून घेते. दुसऱ्या सिस्टिमवर उघडल्याशिवाय हे मला दिसलं नसतं.

बॉस म्हणजे सी-डॅकच्या चेन्नई केंद्रात घडलेली, डेबियनवर आधारलेली आपली सरकारी सिस्टिम. कुतूहलाने लावली. मराठी लगेच टाइप झालं, पण त्याचं श्रेय मी तिच्याइतकंच इन्स्क्रिप्टला देईन. ही कळरचना १९९१च्या भारतीय मानकात आहे, आणि मी आजवर लावलेल्या प्रत्येक विंडोजवर आणि लिनक्सवर ती सापडली. के च्या कळीवर क, डी वर हलन्त, जे वर र, आणि शिफ्ट धरून जे दाबलं की तो बिंदूवाला ऱ. माझ्या बोटांना सिस्टिम बदलल्याचं कळलंच नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एक बाई डीटीपीच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या खास कळरचनेवर माझ्या दुप्पट वेगाने टाइप करतात. पण ते सॉफ्टवेअर नसेल तर त्यांचे हात बांधले जातात. त्यांच्या जुन्या फायलीही तशाच: तो फॉन्ट नसला की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा भुसा. आपण म्हणतो मशिन जुनं झालं, सिस्टिम जुनी झाली. या सगळ्या खटाटोपात मला दिसलं ते असं की मशिन काहीही चालवून घेतं, अडून बसतं ते आपलं साठवलेलं काम.

फ्रीबीएसडीवर फार वेळ घालवला नाही. बर्कलेच्या युनिक्सची ही वंशज, सर्व्हरच्या जगात मोठा मान. निळ्या पडद्यावरच्या प्रश्नांना उत्तरं देत बसवली, शेवटी काळ्या पडद्यावर लॉगिन विचारून ती शांत बसली. खिडक्या, मेनू हवे असतील तर तुम्ही आणा. तिची कागदपत्रं मात्र इतकी नेटकी लिहिलेली आहेत की संपादक म्हणून मी ती वाचतच बसले. दुसऱ्या दिवशी ती पेनड्राइव्हवरून पुसली.

हायकूने मात्र वेड लावलं. १९९०च्या दशकात ॲपलमधून बाहेर पडलेल्या झाँ-लुई गासे यांच्या कंपनीने बीओएस नावाची सिस्टिम काढली होती. ती कंपनी २००१ साली पामला विकली गेली, आणि बीओएसवर जीव जडलेल्या लोकांनी तीच पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली. तीच ही हायकू. बीओएसच्या ब्राउझरमध्ये पान सापडलं नाही की चूक दाखवणारा संदेश हायकू या जपानी काव्यप्रकाराच्या रूपात यायचा, त्यावरून हे नाव. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, त्यामुळे हे नाव वाचून मराठी माणसाला उगाच घरचं वाटतं. अकरा वर्षांचं आमचं मशिन तिच्यावर काही सेकंदांत उभं राहिलं. प्रत्येक खिडकीच्या डोक्यावर पिवळा टॅब, अर्ध्या रुंदीचा. तो सरकवता येतो आणि एका खिडकीचा टॅब दुसरीच्या शेजारी लावून दोन्ही एकत्र बांधता येतात. वेगवेगळ्या कार्यक्रमांच्या खिडक्यासुद्धा! मूळ मजकूर आणि तपासलेला मजकूर असे एका चौकटीत ठेवायला मला कितीतरी दिवसांपासून हवे होते. पण ती करणारी मंडळी स्वतःच तिला अजून बीटा म्हणतात. तिच्यावर पोटापाण्याचं काम ठेवायचं धाडस मला नाही. पाचवीतल्या मुलीने तो पेनड्राइव्ह ताब्यात घेतलाय आणि ती टॅब सरकवत बसते.

राहिलं होतं प्रिंटर-स्कॅनरचं. इथे दोन उलट अनुभव एकाच टेबलावर आले. माझा जुना स्कॅनर विंडोज ७ गेल्यापासून माळ्यावर पडला होता, कारण त्याचा नवा ड्रायव्हर निघालाच नाही. मिंटमध्ये केबल जोडली आणि त्याने काही न विचारता पान वाचून दिलं. पिवळ्या पडलेल्या पाठकोऱ्या कागदांवरची हस्तलिखितं आता पुन्हा घरीच स्कॅन होतात. लेझर प्रिंटर मात्र हटून बसला. असे स्वस्त प्रिंटर स्वतः पानाची भाषा समजत नाहीत. पानाचं पूर्ण चित्र संगणकात बनतं आणि ते कंपनीच्या खासगी भाषेत पाठवावं लागतं. ती भाषा बोलणारा ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळाला, चालला, आणि प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या पानाला रुसून बसू लागला. शेवटी मुद्रितं पीडीएफ करून विंडोजमधून छापते. नवरा म्हणतो, “एवढं फुकट मिळवून अर्धं काम इथेच करतेस की.” बरोबर आहे त्याचं.

त्याचं स्वतःचं काम तर पुरतं विंडोजचं. तो आसपासच्या दुकानदारांचे हिशेब लिहितो. टॅली विंडोजवर चालतं. डिजिटल सहीचं टोकन यूएसबीत घालून सही करायची, त्याचं सॉफ्टवेअरही त्याने तिथेच बसवलेलं. विंडोजचे कार्यक्रम लिनक्सवर चालवणारं वाइन वापरून टॅली मिंटमध्ये उघडून दाखवलं तर म्हणाला, “माझ्या क्लाएंटच्या रिटर्नवर प्रयोग नको, अगं.” मी मुकाट्याने बंद केलं. त्यामुळे आमच्या खोक्यात दोन्ही राहतात.

आता वाद उरलाय तो सुरुवातीच्या यादीचा. मशिन लावलं की ती दहा सेकंद थांबते आणि कोणी काही निवडलं नाही तर मिंट सुरू करते. महिन्याच्या अकराला जीएसटीआर-१ आणि वीसला ३बी. त्या काळात नवरा बटण दाबून चहा आणायला जातो, परत येतो तर समोर मिंट, आणि स्वयंपाकघरापर्यंत आरडाओरडा. यादी दाखवणाऱ्या ग्रबच्या सेटिंगमध्ये, शेवटी जी निवडली तीच पुढच्या वेळी सुरू करायची सोय असते, ती मी लावून दिली. आता रिटर्नच्या दिवसांत विंडोजच येत राहते आणि माझं काम आलं की मिंट. सासूबाईंनी मात्र दोन्हीकडे पत्ते ठेवायला सांगितलेत, आणि मिंटमधला आवाज जास्त बरा आहे असं त्यांचं म्हणणं आहे.