मेजिरोचा उत्सव आणि आमचे स्नेहसंमेलन

आम्ही दोघी मुलींच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि, दुसरे कोणी पुढे येत नाही म्हणून, गेली अनेक वर्षे सांस्कृतिक मंडळाचे काम पाहतो. ‘काम पाहतो’ हा शब्दप्रयोग आजवर आम्ही निःशंकपणे करत आलो. वस्तुतः ते काम आम्ही करत होतो आणि पाहण्याचे तेवढे मुलींकडे होते. हे ध्यानात यायला आम्हाला टोक्योपर्यंत जावे लागले, ही काही फारशी भूषणावह गोष्ट नव्हे.

टोक्योला जाण्याचे निमित्त घरगुती होते. आमची एक जुनी विद्यार्थिनी तेथे नोकरी करते. तिच्या आग्रहावरून एका ऑक्टोबरात आम्ही आठवडाभर तिच्याकडे राहिलो. काय काय पाहायचे याची तिने केलेली यादी लांबलचक होती. आमच्या यादीत एकच नाव होते : मेजिरो. तेथे जपान महिला विद्यापीठ आहे. हे नाव महाराष्ट्रातल्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात एका टपालाच्या रूपाने येते. जपान पाहून आलेल्या काशीच्या एका गृहस्थांनी या विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका धोंडो केशव कर्वे यांना पाठवली. अण्णांनी ती तेव्हा चाळून बाजूला ठेवली. पुढे १९१५च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, भाषणाचा विषय शोधू लागले, तेव्हा ती पुस्तिका त्यांना आठवली. त्या भाषणात त्यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली ते विद्यापीठ स्थापनही केले. मातृभाषेतून शिक्षण हे त्याचे एक प्रमुख सूत्र होते. मराठी शिकवणाऱ्या आम्हा दोघींच्या पोटापाण्याचा धागा अशा रीतीने मेजिरोपर्यंत पोचतो. म्हणून तेथे जाणे हे आमच्या लेखी कुलदैवताला जाण्यासारखे होते.

योगायोग असा की तेव्हा तेथे ‘मेजिरो-साइ’ होता. ‘साइ’ म्हणजे उत्सव. जपानमधल्या बहुतेक विद्यापीठांत शरद ऋतूत असे उत्सव होतात आणि प्रत्येकाला स्वतःचे नाव असते. ओचानोमिझु या दुसऱ्या जुन्या महिला विद्यापीठाच्या उत्सवाला ‘किइन-साइ’ म्हणतात. आम्ही स्टेशनवरून बसने गेलो. फाटकाशी एका टेबलामागे दोन मुली बसल्या होत्या. त्यांनी आमच्या हाती कार्यक्रमपत्रिका दिली आणि एका कागदावर आमची नोंद केली. आत खाद्यपदार्थांचे तंबू, वर्गावर्गांतून मंडळांची प्रदर्शने. चहाविधी, पुष्परचना, सुलेखन, कोतोवादन, आणि पलीकडे कानठळ्या बसवणारे पाश्चात्त्य नृत्य. यातले काहीच आम्हाला अनपेक्षित नव्हते. आपल्याकडेही रांगोळी आणि ‘रीमिक्स’ एकाच मांडवात नांदतात.

अनपेक्षित होते ते कचऱ्याच्या पेट्यांशी. तेथे दोन मुली उभ्या होत्या. जळणारे इकडे, प्लास्टिक तिकडे, खाण्याच्या काड्या या पिशवीत, असे प्रत्येक पाहुण्याला हसून सांगत होत्या. त्यांच्या अंगात कार्यकारी समितीचे रंगीत जाकीट होते. आमच्याकडे समितीवर निवड झालेली मुलगी स्वागतकक्षात असते, कचऱ्यापाशी मावशी असतात. आम्ही विद्यार्थिनीला विचारले, ‘‘यांचे प्राध्यापक कोठे आहेत?’’ तिने बोटाने दाखवले. पिकल्या केसांचे एक गृहस्थ याकिसोबाच्या रांगेत तिकीट हातात धरून उभे होते. आपली पाळी आल्यावर त्यांनी नूडल्सचा डबा घेतला, मान लववली आणि ते एका बाकावर जाऊन खात बसले. त्यांच्याकडे कोणी धावत गेले नाही. त्यांना कोणी काही विचारलेही नाही.

मग विद्यार्थिनी जे बोलली, त्यासाठी हा लेख लिहीत आहोत. ती सहज म्हणाली, ‘‘मॅडम, मी तिसऱ्या वर्षाला वाङ्मय मंडळाची सचिव होते ना, तेव्हा आमच्या पैशाची पेटी मी एकदाही उघडलेली नाही. ती तुमच्या कपाटात असायची.’’ तिच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि त्यामुळेच आमच्याकडे उत्तरही नव्हते. समोरच्या तंबूत एक मुलगी गल्ल्यातली नाणी मोजून वहीत लिहीत होती. तिचे काहीतरी चुकले असावे. तिने पुन्हा सगळी नाणी ओतली आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

परत आल्यावर आम्ही या विद्यापीठाविषयी अधिक वाचू लागलो. नारुसे जिन्झो यांनी ते १९०१ साली सुरू केले. अमेरिकेत शिकून आलेल्या या गृहस्थांनी सुरुवातीला तीन विभाग ठेवले : गृहशास्त्र, जपानी साहित्य आणि इंग्रजी साहित्य. नावात ‘विद्यापीठ’ असले तरी सरकारच्या लेखी ती १९०४पासून एक व्यावसायिक विद्यालय एवढीच होती; विद्यापीठाचा खरा दर्जा मिळायला १९४८ उजाडले. (कर्व्यांच्या विद्यापीठालाही वैधानिक मान्यतेसाठी १९५१पर्यंत थांबावे लागले. दोन्ही भगिनीसंस्थांचे हे साम्य पुस्तिकेत नव्हते, नशिबात होते.) अभ्यासक्रमाइतकेच वर्गाबाहेरच्या गोष्टींना नारुसे महत्त्व देत. सुरुवातीच्या वर्षांपासून तेथे वार्षिक क्रीडामेळावा भरे आणि त्यात मुली सायकली चालवून दाखवत. आज हे वाचताना मौज वाटते. पण त्या काळच्या टोक्योत गडद तांबड्या रंगाचा हाकामा नेसून सायकलवर जाणारी विद्यार्थिनी हा थट्टेचा, कुतूहलाचा आणि कादंबऱ्यांचा विषय होता. या मुलींना ‘एबिचा शिकिबु’ असे टोपणनाव पडले. ‘एबिचा’ हा त्या हाकामाचा रंग, आणि ‘शिकिबु’ हे ‘गेन्जी’ लिहिणाऱ्या मुरासाकी शिकिबुच्या नावातले. शिकणाऱ्या बाईची थट्टा करायलाही समाजाला एका थोर लेखिकेचेच नाव उसने घ्यावे लागले, हा विनोद थट्टेखोरांच्या लक्षात आला नसावा.

वसतिगृहात स्वयंपाकपाणी आणि व्यवस्था मुलींनी आळीपाळीने सांभाळावी अशी रीत होती. उन्हाळ्यात कारुइझावाच्या डोंगरात ‘सानसेनर्यो’ नावाच्या निवासात शिबिर भरे. १९१६च्या उन्हाळ्यात, म्हणजे पुण्यात कर्व्यांचे विद्यापीठ आकाराला येत होते त्याच वर्षी, रवींद्रनाथ ठाकूर त्या शिबिरात मुलींशी बोलायला गेले होते. नारुसे १९१९च्या मार्चमध्ये वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी संस्थेसाठी तीन सूत्रे लिहून ठेवली. त्यांचा मराठी भावार्थ असा : निष्ठा शेवटपर्यंत नेणे, स्वयंप्रेरणेने नवे घडवणे, आणि एकत्र येऊन सेवा करणे.

ही सूत्रे वाचताना आमच्यातल्या शिक्षिकेला भरून आले, आणि आमच्यातल्या वाचक बाईला शंका आली. स्वयंप्रेरणा आणि एकत्र येणे या दोन गोष्टी एका भिंतीवर शेजारी लावता येतात. एका मुलीच्या अंगी त्या तेवढ्या सुखाने नांदतील का? या शंकेचे उत्तर त्याच संस्थेच्या इतिहासात मिळते. हिरात्सुका राइचो येथून १९०६ साली बाहेर पडली. इंग्रजी शिकायला वडिलांचा विरोध, म्हणून तिने गृहशास्त्र घेतले. वसतिगृहातल्या सततच्या सभा, चर्चा आणि सामुदायिक उत्साह यांत तिचा जीव रमेना; एकटे बसून वाचणे ही तिची भूक होती. तिच्या आठवणींत नागानुमा चिएको नावाची एक विद्यार्थिनी भेटते. बोलायला अगदी अबोल, पण टेनिसच्या मैदानात मात्र जोरकस फटके मारणारी. १९११च्या सप्टेंबरात राइचोने काही मैत्रिणींसह ‘सेइतो’ हे स्त्रियांचे मासिक काढले. संस्थापकांत मेजिरोच्या विद्यार्थिनींचाच भरणा होता आणि पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ काढले होते या अबोल चिएकोने. पुढे कवी ताकामुरा कोतारो याची पत्नी म्हणून आणि त्याच्या १९४१च्या ‘चिएको-शो’ या संग्रहाचा विषय म्हणूनच तिचे नाव साहित्यात उरले, हे दुःख वेगळे. जपानच्या वर्तमानपत्रांनी या ‘नव्या स्त्रियां’ची टिंगल केली, शिक्षणसंस्थांनी त्यांच्याकडे संशयाने पाहिले. १९१६ साली ‘सेइतो’ बंद पडले.

सामुदायिक उपक्रमांची किंमत आम्ही आजवर त्यांत टाळ्या किती पडल्या यावरून करत आलो. मेजिरोचा इतिहास वेगळे माप पुढे करतो. ज्या मुलीला त्या सभांचा कंटाळा आला, तिनेही पुढे आपले काम उभे केले ते मैत्रिणी जमवून, वर्गणी गोळा करून, छपाईची तारीख पाळून. राइचोला तिथले सामूहिक जीवन मानवले नाही. पण चार जणींनी मिळून एखादी गोष्ट तडीस नेता येते, आणि त्यासाठी परवानगीची वाट पाहावी लागत नाही, हे मेजिरोतल्या मुलींनी रोज पाहिलेले होते. संस्थेने दिलेल्या सवयीचा उपयोग संस्थेला न आवडणाऱ्या कामासाठी झाला. आमच्या मते विद्यार्थी-उपक्रमाची कसोटी तीच.

या कसोटीवर आम्ही उतरत नाही, हे आता सांगितले पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याच वर्गातल्या एका मुलीने स्नेहसंमेलनासाठी एकांकिका लिहिली. तीत एक लांब स्वगत होते. लग्न ठरलेली मुलगी परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक मिटून ठेवते आणि आपल्या वडिलांविषयी बोलते. प्रमुख पाहुणे कोण येणार हे आम्हाला ठाऊक होते. आम्हाला कोणी काही सांगितले नव्हते. दडपण कोणाचेच नव्हते. आम्हीच तालमीच्या वेळी लाल शाईने त्या स्वगताच्या अकरा ओळी काढल्या आणि त्यांच्या जागी आईवरच्या चार गोड ओळी घातल्या. मुलीने ‘बरं मॅडम’ म्हटले. प्रयोग निर्दोष झाला, बक्षीसही मिळाले. त्यानंतर तिने आमच्याकडे काहीही लिहून आणले नाही. ते हस्तलिखित अजून कपाटात आहे, ज्या कपाटात पेटी असायची त्याच. टोक्योहून परतल्यावर आम्ही ते काढून वाचले. अकरा ओळींत शिकिलेल्या माणसाने भ्यावे असे काही नव्हते. चार ओळी मात्र आज आम्हाला वाचवत नाहीत.

कोणी म्हणेल, यात महिला विद्यापीठाचा काय संबंध? मिश्र महाविद्यालयातही मुली कामे करतातच. करतात. पण आम्ही दोघीही मिश्र महाविद्यालयात शिकलो आहोत. तेथे ध्वनिक्षेपकाच्या तारा मुलगे जोडत, वर्गणीचा हिशेब मुलगे ठेवत, पाहुण्यांना स्टेशनवर आणायला मुलगे जात. आम्ही ओवाळत असू आणि आभार मानत असू. जेथे मुलगेच नाहीत तेथे शिडीवर चढायलाही मुलगीच लागते. या साध्या गणितापलीकडे महिला विद्यापीठाच्या बाजूने फार मोठे तत्त्वज्ञान आम्हाला सुचत नाही, आणि त्याची गरजही वाटत नाही. अट एकच. मुलग्यांची रिकामी जागा शिक्षकांनी बळकावू नये. आम्ही नेमके तेच केले.

जपानमध्ये आता ही गणिते बदलत आहेत. १९९८ साली तेथे ९८ महिला विद्यापीठे होती. त्यानंतर संख्या घटत गेली. मुलांचा जन्मदर कमी झाला, मुलींनाही मिश्र विद्यापीठे अधिक आवडू लागली. केइसेन या टोक्योतल्या महिला विद्यापीठाने २०२३ साली पुढचे प्रवेश थांबवल्याचे जाहीर केले. २०२५ साली मुकोगावा या देशातल्या सर्वांत मोठ्या महिला विद्यापीठाने २०२७पासून मुलग्यांनाही प्रवेश देण्याचे ठरवले, तेव्हा विद्यार्थिनींनी विरोधात सह्यांची मोहीम काढली. दुसरीकडे, ‘स्त्री’ या शब्दाची व्याप्तीही वाढते आहे. ओचानोमिझु आणि नारा या विद्यापीठांनी २०२०पासून, मेजिरोने २०२४पासून पारलिंगी स्त्रियांना प्रवेश दिला. कोणती संस्था टिकेल हे आम्ही सांगू शकत नाही. मात्र सह्यांची मोहीम काढण्याची रीत त्या मुली कोठे शिकल्या असतील, याचा अंदाज आम्हाला आहे.

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या महिनाभर आधी आम्ही पैशाची पेटी दोन मुलींच्या हाती दिली. किल्लीसकट. आधी त्यांना ती थट्टा वाटली. मग भीती वाटली. नंतर त्या आपसांत भांडू लागल्या, आणि भांडण मिटवायला आम्हाला कोणी बोलावले नाही, तेव्हा थोडे वाईटही वाटले. संमेलनाच्या दिवशी ध्वनिक्षेपक चाळीस मिनिटे बंद होता. एक मुलगी शिडीवर चढली, दुसरीने तोवर मंचावरून विनामाईक गाणे म्हटले, ते तिसऱ्या रांगेपलीकडे ऐकू गेले नाही. आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. एकांकिका आम्ही आधी वाचली नव्हती. ती सामान्य होती. तीत आमच्यासारख्याच दोन मॅडम होत्या आणि प्रेक्षक पोट धरून हसत होते.

दोन दिवसांनी हिशेबाची वही आमच्या टेबलावर आली. जमा, खर्च, शिल्लक, सर्व व्यवस्थित मांडले होते. तळाशी एक ओळ होती : ‘एकशे चाळीस रुपयांचा हिशेब लागत नाही.’ खाली दोघींच्या सह्या होत्या. आमच्या हातात वही होती त्या सगळ्या वर्षांत असा फरक एकदाही पडला नव्हता; पडला की आम्ही तो आपल्या पदरचा घालून मिटवत असू आणि कोणाला सांगत नसू. आम्ही वही परत केली. सही मागितली होती तेथे केली. त्या ओळीला हात लावला नाही.