अठ्ठेचाळीस आंकडे

यंत्र बंद पडलें कीं मनुष्य त्याच्याशीं बोलूं लागतो, असा माझा अनुभव आहे. गेल्या श्रावणांत अमरावतीच्या घरीं माझा लॅपटॉप सुरू होईना, तेव्हां मींहि त्याला आधीं गोंजारलें, मग दटावलें, आणि शेवटीं हात जोडून त्याच्यापुढें बसून राहिलों. यंत्राच्या किंमतीचें मला दुःख नव्हतें. त्यांत माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. तिच्या अखेरच्या दोन वर्षांत उशाशीं बसून मीं त्या तिच्याच आवाजांत उतरवून घेतल्या होत्या. आजीला जाऊन तीन वर्षें झालीं. पण आज करूं, उद्यां करूं म्हणतां म्हणतां त्यांची दुसरी प्रत कांहीं मीं केली नव्हती.

गांवांतला एक दुकानदार म्हणाला, “सगळें पुसून नव्यानें भरून देतों, तासाभरांत चालू होईल.” मी जवळजवळ ‘हो’ म्हणणार होतों. तेवढ्यांत अकोल्याच्या आत्येच्या नातवाला फोन करण्याची बुद्धि झाली. तो ओरडलाच, “काका, कांहीं पुसूं देऊं नका! दाराची बिजागरी मोडली म्हणून घरांतली पेटी मोडत नाहीं. तसेच घेऊन या.” यंत्र चालू करणें निराळें आणि यंत्रांतलें वांचविणें निराळें, हें तोंवर माझ्या ध्यानांतच आलें नव्हतें. बडनेऱ्याला गाडी धरली आणि मूर्तिजापूर मागें पडेपर्यंत तें यंत्र आजारी मुलासारखें मांडीवर घेऊन बसलों.

अकोल्यास पोंचतांच त्यानें यंत्राची पाठ उघडली, बोटाएवढी एक चपटी पट्टी अलगद काढली, ती एका लहानशा डबींत बसवून तारेनें आपल्या यंत्राला जोडली. दोष मुख्य पाटींत होता; साठवणीची पट्टी शाबूत होती. माझा जीव भांड्यांत पडतो न पडतो तोंच पडद्यावर मागणी उमटली : ४८ आंकड्यांची किल्ली द्या.

मीं तर कुलूप कधींच लावलें नव्हतें! नातवानें समजाविलें कीं, हल्लींचीं कित्येक यंत्रें पहिल्याच दिवशीं असें कुलूप आपलें आपणच लावून घेतात आणि ज्याचें खातें यंत्राला जोडलेलें असेल त्याच्या खात्यांत किल्ली ठेवून देतात. किल्लीवांचून आंतलीं अक्षरें म्हणजे नुसती कालवाकालव. कोणाहि कारागिराला तीं वाचतां येणार नाहींत. माझें खातें उलटेंपालटें करून पाहिलें. किल्ली नव्हती.

माझा चेहरा पाहून ऐंशी ओलांडलेली आत्या म्हणाली, “त्याच्यात काय रडतं? माय म्हणे तशी मी सांगतो, तू लिवत जाय.” दोन दिवस ती सांगत होती आणि मी वहींत उतरवीत होतों. मध्येंच ओवी अडे. मग ती उजवा हात वाटोळा फिरवूं लागे, जणूं खुंटा हातांत आहे. आणि दोन फेऱ्यांत शब्द परत येत.

लिहितां लिहितां मला आमच्या जिल्ह्यांतल्या रिद्धपूरची आठवण झाली. तेथेंच १३व्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें. पुढें धाडींत मूळ पोथी गेली, तेव्हां शिष्यांनीं स्मरणावरून ती पुन्हां उभी केली. म्हणूनच तिचे निरनिराळे पाठ झाले. त्याच पंथानें पुढें आपले ग्रंथ सकळ लिपींत लिहिले. एका अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर, असें तें कुलूप. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं त्याची उकल करीपर्यंत बाहेरच्या वाचकाला पोथी समोर असूनहि मुकीच होती. नष्ट झालेली पोथी माणसांनीं परत आणली, आणि शाबूत असलेली पोथी किल्लीवांचून अडून राहिली! माझ्यापुढें आत्या आणि ती पट्टी बसलेलीं होतीं.

तिसऱ्या दिवशीं नातवानें कपाळावर हात मारून घेतला. यंत्र नवें असतांना त्यानेंच तें मला लावून दिलें होतें, तेंहि घाईघाईनें स्वतःच्या खात्यावर. किल्ली इतके दिवस त्याच्याच खिशांत होती. सहा सहा आंकड्यांचे आठ गट त्यानें भरले, आणि खोलींत आजी खोकली. मग गाऊं लागली.

आत्या डोळे मिटून ऐकत होती. चौथ्या ओवीला तिनें डोळे उघडले आणि ती ठामपणें म्हणाली, “इथं माय चुकली.”

वहींत तो शब्द निराळा होता. कोणता खरा, हें सांगणारें आतां कोणी उरलेलें नाहीं. आजीच्या आवाजाच्या मीं तीन प्रती केल्या : एक अमरावतीस, एक अकोल्यास, एक मुलीकडे पुण्याला. किल्लीचे ४८ आंकडे कागदावर उतरवून देवघरांतल्या पोथीशेजारीं ठेवले. वहींतला शब्द मात्र मीं सुधारला नाहीं. तो आत्येचा पाठ आहे.