फुलराणीतला ‘ण’

आमच्या ब्रह्मपुरीकडे ‘ण’ फारसा कोणाला लागत नाही. पाणी ‘पानी’, लोणी ‘लोनी’. धान त्यावाचून पिकते आणि दिवाळीनंतरच्या मंडईत पहाटेपर्यंत चालणारी झाडीपट्टीची नाटकेही त्यावाचून रंगतात. मला मात्र मास्तरीण व्हायचे होते. शहरातल्या अध्यापक विद्यालयात पहिल्याच पाठाला मी ‘पानी’ म्हणाले आणि वर्ग हसला. बाईंनी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले, वर्गाला आणखी हसता यावे म्हणून. त्या रात्रीपासून मी दार लावून ‘ण’ घोटू लागले.

त्याच सुमारास नागपूरला ‘ती फुलराणी’ पाहिले. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांड्यांनी केलेले हे नाटक १९७५ साली रंगभूमीवर आले. फुले विकणाऱ्या मंजुळेला एक प्राध्यापक शुद्ध मराठी शिकवतो. प्राध्यापक सतीश दुभाषी, मंजुळा भक्ती बर्वे. १९१४ साली लंडनला ही पोर रंगवणाऱ्या मिसेस पॅट्रिक कॅम्बेल एकोणपन्नाशीच्या होत्या. आमची मंजुळा सव्विशीची. तिच्या एकेका उच्चाराला प्रेक्षागृह हसत होते. मला हसू येईना. पुढे ती एकटीच प्राध्यापकावर संतापते, तेव्हा पदर डोळ्यांना लावून मी बसून राहिले.

परतताना मैत्रीण म्हणाली, “अगं, ही तर आकाशवाणीवर निवेदिका होती, दूरदर्शनवर बातम्या देते!” मला ते खरेच वाटेना. निर्दोष मराठी बोलण्यावर जिचे नाव झाले, तिने रंगमंचावर तीच भाषा अशी मोडली होती, की सांधा कुठे दिसू नये. जे विसरण्यासाठी मी रात्री जागत होते, ते ती मेहनतीने कमावत होती!

मी पास झाले, ‘ण’सकट गावी परतले. माय दोन दिवस नुसती ऐकत होती. तिसऱ्या दिवशी चुलीपाशी म्हणाली, “तू त रेडिओवानी बोलतेस वो बाई.” तिच्या स्वरात कौतुक होते की काय होते, हे विचारायचे मला धैर्य झाले नाही.

घरात टीव्ही आल्यावर एकदा ‘जाने भी दो यारो’ लागला. १९८३ च्या त्या चित्रपटात भक्ती बर्वे संपादिका झाल्या आहेत, गोड बोलून पोरांना राबवणारी. मी उत्साहाने मायला सांगितले, “हीच ती फुलराणी!” मायने पडद्याकडे निरखून पाहिले. “बोलते गोड,” ती म्हणाली, “पन खोटी हाये.” अभिनेत्रीला याहून मोठी पावती कोणती? पण ती मलाच लागली.

२००१ च्या फेब्रुवारीत मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या अपघातात भक्ती बर्वे गेल्या. वय अवघे बावन्न. बातमी वाचली तेव्हा माय उरली नव्हती, सांगणार कोणाला?

गेल्या मंडईत नाटकाला गेले होते. नायिका बाहेरगावची, बोलणे स्वच्छ. टाळ्या मात्र झाडीबोलीत बोलणाऱ्या विनोदी नटाने नेल्या. मध्यरात्र उलटली, हसून हसून घशाला कोरड पडली. शेजारणीकडे तांब्या होता. मी हात पुढे केला आणि म्हणाले, “बाई, जरासं पानी दे वो.”