लाभपंचमीपूर्वीचे दोन दिवस

व्यापारी घरात सहलीचा विषय निघाला की पहिला प्रश्न गाडीभाड्याचा नसतो. दुकान किती दिवस बंद राहणार, हा असतो. दूरच्या सहलीचा हिशेब मांडताना तिकिटे आणि हॉटेल यांच्या खाली बुडालेल्या विक्रीची ओळही लिहावी लागते, आणि बहुधा तीच सर्वांत मोठी निघते.

वऱ्हाडातल्या ज्या पेढ्या लक्ष्मीपूजनानंतर थेट लाभपंचमीच्या मुहूर्तावर उघडतात, त्यांच्यापाशी मात्र भाऊबीज आटोपल्यावर दोन मोकळे दिवस उरतात. अकोल्यातील एका किराणा व्यापाऱ्याच्या कुटुंबाने तेच दिवस निवडले. अकोट, अंजनगावमार्गे परतवाडा, मुक्तागिरीला मुक्काम, दुसऱ्या दिवशी चिखलदरा आणि रात्री घरी, असा बेत ठरला. आजी लहानपणी मूर्तिजापूरहून अचलपूरला ‘शकुंतला’ या छोट्या रेल्वेने गेल्या होत्या. ती गाडी आता बंद असल्याने जीप ठरवली.

वाद निघाला तो डब्यावरून. मागच्या सहलीत पैसे वाचावेत म्हणून सारे जेवण खोलीवरच झाले होते. कांदा-बटाटा वर्ज्य, सूर्यास्तापूर्वी जेवण, पाणी गाळलेले. हे सर्व सांभाळण्यात सूनबाईंचे दिवस गेले आणि गावही धड पाहून झाले नाही. या वेळी आजींनीच निकाल दिला : “दशम्या-खाकरे वाटेपुरते घ्या. बाकी भोजनशाळेत जेवू. सूनबाईलाही सुट्टी आहे.”

मुक्तागिरी हे क्षेत्र मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात असले, तरी वऱ्हाडकरांची वाट परतवाड्यावरूनच जाते. निर्वाणकांडात अचलपूरच्या ईशान्येस असलेल्या मेंढगिरी शिखराचा उल्लेख येतो, तो याच स्थानाचा मानतात. येथून साडेतीन कोटी मुनी मोक्षास गेले, अशी श्रद्धा आहे. सातपुड्याच्या कड्याला बिलगलेली ५२ मंदिरे आणि त्यांच्यामधून कोसळणारा धबधबा पाहताना पायऱ्यांचा शीण हलका होतो. भगवान महावीरांच्या निर्वाणाचे पर्व नुकतेच साजरे करून एका निर्वाणभूमीवर येणे, याचे मोल आजींना कोणी समजावून सांगावे लागले नाही. थांबत थांबत त्या वरपर्यंत गेल्या. संध्याकाळी धर्मशाळेच्या आवारात सूनबाई मुलांसोबत निवांत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी चिखलदरा. विदर्भातील हे थंड हवेचे ठिकाण सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि येथे कॉफीची लागवड होते, याचे मुलांना नवल वाटले. भीमकुंडाची खोल दरी पाहून सर्व जण गाविलगडावर गेले. इंग्रजांनी डिसेंबर १८०३ मध्ये मराठ्यांकडून जिंकलेला हा किल्ला पुस्तकातल्या धड्यापेक्षा मुलांच्या अधिक लक्षात राहिला. सुट्टीच्या गर्दीत येथील मुक्काम महाग पडतो. तो टाळल्याने भोजनशाळेचा खर्च सहज भरून निघाला. दिवस मावळण्यापूर्वी परतवाड्याला जेवण उरकून गाडी घराकडे वळली.

अशी सहल परवडते का? दुकानाचा एकही दिवस बुडाला नाही, कर्ज काढावे लागले नाही आणि तीर्थवंदनाही घडली. तरीही काटकसरीचा हिशेब तपासताना एक बाब पाहावीच लागते : वाचलेला रुपया खरोखर वाचला, की घरातील एका व्यक्तीच्या श्रमातून वसूल झाला? घरातील प्रत्येकाच्या वाट्याला विश्रांती आली, तरच स्वस्त सहल खऱ्या अर्थाने स्वस्त ठरते. लाभपंचमीला सकाळी दुकान उघडले, तेव्हा सूनबाई पुढच्या वर्षी शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाचा बेत मुलांना सांगत होत्या.