मोंगासाकीतले तेवीस

नागासाकी स्टेशनातून बाहेर पडलं की पाचेक मिनिटांत निशिझाकाची टेकडी लागते. चढ छोटा, पण दम काढणारा. फोनमध्ये एक चित्र घेऊन मी तो चढत होतो. लोरेनमधल्या नान्सीच्या जाक कालोने १६२७ च्या सुमारास तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं, पोस्टकार्डाहून थोडंच मोठं. क्रुसांच्या रांगा, भालेवाले शिपाई, बघ्यांची गर्दी आणि वर आकाशात देवदूत. कालोने जपान कधी पाहिला नव्हता. चित्राखालच्या ओळीत शहराचं नावसुद्धा ‘मोंगासाकी’ होऊन बसलंय.

त्या क्रुसांवरच्यांत मला एकच माणूस हवा होता, वसईचा. गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई तिथलीच असं सांगतात. जेझुइट पाद्र्यांबरोबर पोरवयातच जपानला गेला, भाषा शिकला, पुढे व्यापारही केला. मग मनिलात फ्रान्सिस्कन संघात शिरला आणि १५९३ मध्ये दुभाषा म्हणून परत जपानला आला. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे स्पॅनिश पाद्र्यांचं म्हणणं मांडायचं काम त्याच्याकडे होतं.

१५९६ च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत जपानमधल्या तोसाच्या किनाऱ्याला लागलं. आधी पाद्री येतात, मागून फौज, असं त्यावरचा सुकाणूवाला बरळल्याची कथा आहे. खरं असो-नसो, हिदेयोशीचा संशय पक्का झाला. धरलेल्या ख्रिश्चनांच्या डाव्या कानांचा तुकडा क्योतोत कापला, गावोगाव धिंड काढली आणि भर थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत चालवलं. निघाले चोवीस, वाटेत आणखी दोघांना त्यांच्यात घातलं. सर्वांत लहान लुईस इबाराकी, बारा वर्षांचा. ५ फेब्रुवारी १५९७ ला या टेकडीवर सगळ्यांना क्रुसावर चढवलं. जपानी रीत खिळे ठोकायची नव्हती. दोर आणि लोखंडी कड्यांनी बांधायचं आणि दोन्ही बाजूंनी भाले खुपसायचे.

आता चित्रातले क्रूस मोजा. तेवीस! जेझुइट असलेले तिघे जपानी, पॉल मिकी धरून, गायब. १६२७ मध्ये पोपने फ्रान्सिस्कनांच्या या तेविसांना ‘धन्य’ ठरवलं आणि चित्र त्यांच्यापुरतंच निघालं. टेकडीवर सव्वीस मेले, छापखान्यात तेवीस उरले. संघांची ही चढाओढ मला भाल्यांइतकीच निर्दय वाटते.

याच कालोने १६३३ मध्ये युद्धाच्या हालांची चित्रमालिका काढली. तीत एका झाडाला लुटारू शिपाई फळांसारखे लटकलेत, आणि तिथे आकाशात एकही देवदूत नाही.

वरच्या चौकात फुनाकोशी यासुताके यांचे १९६२ मधले कांस्यपुतळे आहेत. एका रांगेत सव्वीस, सगळे खऱ्या माणसाएवढे. क्रूस नाहीत, भाले नाहीत. फक्त पावलं खाली सुटलेली, जमिनीचा आधार गेल्यासारखी. लुईसचा पुतळा ठेंगणा असल्यामुळे तो लगेच सापडतो. गोन्सालो रांगेच्या मध्याजवळ. कालोच्या चित्रात त्याला वेगळा चेहराच नव्हता. इथे नाक, गालांची हाडं, जोडलेले हात दिसतात. चेहरा फुनाकोशींच्या कल्पनेतला, हे ठाऊक असूनही मी त्यात वसईचं काही शोधत राहिलो.

खाली ट्राम घंटा वाजवत गेली. शाळेची काही मुलं आली आणि बोट दाखवत मोजू लागली. सव्वीस भरेपर्यंत दोनदा चुकली.