चला शेंद्र्याला, चित्र काढायला!

दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, कडेला झोपडी. शाळेत हेच ‘निसर्गचित्र’ काढलंय ना तुम्हीही? आजची पोरंही तेच काढतात. समोर काय दिसतंय ते कुणी बघतच नाही!

यावर मस्त उपाय म्हणजे शेंद्रा. छत्रपती संभाजीनगरहून जालना रोडने चिकलठाणा विमानतळ मागे टाकला, की थोड्याच वेळात एमआयडीसी लागते. स्कोडाचा कारखाना इथे २००१ मध्ये आला, ऑरिक हॉलचं उद्घाटन २०१९ मध्ये झालं. पोरांसाठी इथलं आकर्षण वेगळंच आहे: सरळसोट रस्ते आणि एकसारखे दिव्यांचे खांब.

ताईच्या दोन पोरांना घेऊन मी गेले. धाकटीने सगळे खांब एकाच उंचीचे काढले. “सेमच तर आहेत ना, मावशी!” बरोबरच की. मग पुठ्ठ्यात चौकोनी खिडकी कापली आणि तिला म्हटलं, एक डोळा मिटून यातून बघ. जवळचा खांब खिडकीभर, लांबचा नखाएवढा. “अय्या!”

हेच पर्स्पेक्टिव्ह, पुस्तकी मराठीत यथादर्शन. रस्त्याच्या कडा, खांबांची टोकं, सगळं लांबच्या एका ठिपक्याकडे धावतं. हा व्हॅनिशिंग पॉइंट क्षितिजावर, म्हणजे आपल्या डोळ्यांच्या पातळीवर असतो. खाली बसा, क्षितिजही खाली येतं! पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या ब्रुनेलेस्कीने आरसा वापरून हे दाखवलं. १४३५ मध्ये अल्बर्तीने त्याचे नियम लिहिले. चित्राची चौकट त्यालाही खिडकीसारखीच वाटली होती.

थोरला मात्र शेताकडे तोंड करून बसला. तिथे खांब नाहीत, पण नांगरटीच्या सऱ्याही तशाच लांब जाऊन एकत्र येतात. जवळची माती काळीभोर, दूरच्या टेकड्या फिकट निळसर. मधल्या हवेची ही करामत.

शेंद्र्यात आज प्लॉट आहेत तिथे कधीकाळी शेतंच होती. दोन डोंगरांचं चित्र कधीच बदलत नाही, हे गाव मात्र बदलतंय. थोरल्याच्या वहीतल्या त्या सऱ्यांवर म्हणूनच मी तारीख घालायला लावली.

टिप : हिवाळ्यात सकाळी लवकर जा, सावल्या लांब मिळतात. फुटपाथवरच बसा. पुठ्ठा, पेन्सिल, पाणी मस्ट!