नाव नकाशावर, माणसं दुसरीकडे

आमची धाकटी यंदा आठवीत आहे. परवा जेवणं उरकल्यावर नकाशाचं पुस्तक घेऊन जवळ बसली. "पप्पा, मिसुरी म्हणजे काय?" अमेरिकेतली नदी, तिच्या नावाचं राज्य, एवढंच आम्हांला सांगता आलं. पोरीचं समाधान झालं नाही, आमचंही नाही. मग मिळेल ते वाचून काढलं.

वाचक बंधू-भगिनींनो, मिसुरी हे माणसांचं नाव आहे. मिसुरिया नावाचे मूळ रहिवासी त्या नदीकाठी राहत. पण हे नावही त्यांचं स्वतःचं नव्हे. इलिनॉय लोकांनी ठेवलेलं, अर्थ 'मोठ्या होड्यांवाले'. ते स्वतःला 'न्युताची' म्हणवत, म्हणजे नदीच्या मुखाशी राहणारे. दुसऱ्याने ठेवलेलं नाव नकाशावर चढलं, आपलं घरातच राहिलं. ही गोष्ट आमच्या मनाला फार लागली.

देवीची साथ आणि शत्रूचे हल्ले यांत ते इतके घटले की अठराव्या शतकाच्या अखेरीस उरलेसुरले लोक ओटो या भाऊबंदांत येऊन राहिले. नेब्रास्का राज्याचं नावसुद्धा ओटोंच्याच बोलीतलं, 'सपाट पाणी' या अर्थाचं. ३ ऑगस्ट १८०४ रोजी लुईस आणि क्लार्क हे सरकारी प्रवासी त्यांना भेटले, पदकं वाटली, भाषणं केली. पन्नास वर्षांनी, १८५४ च्या तहात बहुतेक जमीन गेली. बिग ब्ल्यू नदीकाठी थोडी राखीव ठेवली होती, तीही विकायला लावून १८८१ मध्ये सगळ्यांना आजच्या ओक्लाहोमात, रेड रॉकला पाठवलं. आमचा जन्म फायलीत गेला. एक कागद माणसाला घराबाहेर कसा काढतो, ते आम्ही टेबलावर बसून पाहिलं आहे.

पण याच लोकांनी कागदाला कागदाने उत्तर दिलं. १९४६ च्या कायद्याखाली त्यांनी दावा लावला. सरकार म्हणे, ज्या हक्काला आम्ही कधी मान्यताच दिली नाही त्याची भरपाई कसली? १९५५ मध्ये न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं. वडिलोपार्जित वहिवाटीच्या हक्काचीही भरपाई द्यावी लागते, असा तो निकाल.

भाषेचं मात्र तसं झालं नाही. सरकारी वसतिशाळांत पोरांना आपली बोली बोलायला मनाई असे. ती अस्खलित बोलणारे शेवटचे गृहस्थ ट्रूमन डेली १९९६ मध्ये वारले. जाण्यापूर्वी त्यांनी भाषातज्ज्ञांजवळ बसून बोली नोंदवून ठेवली. आज जमात त्या बोलीचे वर्ग चालवते.

आज जमातीत तीन हजारांवर माणसं आहेत. त्यांचं स्वतःचं शासन आहे, जुगारगृहंही आहेत. जुगार आम्हांला रुचत नाही, पण त्या पैशावर जमातीच्या योजना चालतात, हेही खरं. दर जुलैत रेड रॉकजवळ त्यांचा मेळावा भरतो. दूरच्या शहरांतली कुटुंबं येतात, तंबू ठोकतात, नाचतात.

धाकटीने हे सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग मिसुरी राज्यात त्यांचं कोण राहतं?"